बोरघाटाची चढण आणि जोखमीचे ओझे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत यंदा काही तरी कामाचे लिहावे, अशी सूचना चिटणीसबाईंनी केली. गेल्या हिवाळ्यात मंडळात कामाची आखणी व जोखमीचा विचार या विषयाचा एक छोटा वर्ग झाला. त्यात इतिहासाचे दोन तास माझ्याकडे होते. ज्या भगिनींना त्या वेळी येणे जमले नाही, त्यांच्यासाठी त्या दोन तासांतील सार येथे मांडीत आहे. विषयाचे नाव जड आहे खरे. परंतु ज्या बाईने एकदा तरी घरचे लग्न पार पाडले आहे, तिला तो मुळीच परका नाही.

हल्ली ज्याला प्रकल्प-व्यवस्थापन म्हणतात, त्याचे शास्त्र तसे अलीकडचे आहे. कोणते काम कोणत्या दिवशी सुरू होईल व कधी संपेल, हे आडव्या पट्ट्यांनी दाखविणारा तक्ता अमेरिकेतील हेन्री गँट या इंजिनियराने पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ केला व तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १९५७ मध्ये ड्यूपाँ या रसायन-कंपनीत क्रिटिकल पाथची रीत निघाली, आणि १९५८ मध्ये अमेरिकन आरमाराने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची तशीच दुसरी रीत काढली. क्रिटिकल पाथ म्हणजे कामांची अशी साखळी की तिच्यातील एक कडी एक दिवस लांबली तर सबंध कार्यच एक दिवस लांबते. दिवाळीच्या फराळाचे उदाहरण घ्या. करंज्या आधी झाल्या काय किंवा नंतर झाल्या काय, फारसे बिघडत नाही. परंतु भाजणी दळून आली नाही तर चकलीचा सोऱ्या हातात घेऊन नुसते बसावे लागते. गिरणी बंद असण्याचा संभव आधीच ध्यानात घेणे, हाच जोखमीचा विचार होय.

या शास्त्रात जोखमीशी वागण्याचे चार प्रकार सांगतात. जोखीम टाळावी, नाही तर कमी करावी, नाही तर दुसऱ्यावर सोपवावी, आणि यांपैकी काहीच साधत नसेल तर समजून उमजून पत्करावी. चारही शब्द सोपे आहेत. परंतु त्यांतील तिसरा शब्द, म्हणजे सोपविणे, हा फार फसवा आहे. तो का फसवा आहे हे समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या उशाशी असलेला बोरघाट त्याची साक्ष देतो.

आपण मावळातल्या बायका मुंबईस जाताना दख्खनच्या राणीतून हा घाट किती तरी वेळा उतरलो असू. बोगद्यात शिरताच मुले ओरडतात, पावसाळ्यात धबधबे दिसतात, आणि पाऊण-एक तासात कर्जत येते. १८५६ च्या आधी तेथे काय होते? सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना १८३० मध्ये गाड्यांसाठी खुला झालेला एक रस्ता होता. बाकी कडे, दऱ्या आणि रान. १८५६ मध्ये मुंबईकडून आगगाडी खोपोलीपर्यंत आली, आणि १८५८ च्या जून महिन्यात खंडाळा ते पुणे हा मार्गही सुरू झाला. मध्ये उरला तो एकटा घाट. उतारूंनी खोपोलीस उतरावे, पालखीने किंवा तट्टावर बसून घाट चढावा आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसावे, अशी काही वर्षे रीत होती.

या घाटातून रूळ नेण्याचा आराखडा जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स जॉन बर्कली यांनी तयार केला. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढावयाचे होते. सरासरी चढण शेचाळीस फुटांना एक फूट, आणि जेथे ती सर्वांत तीव्र तेथे सदतीस फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे कमानीपूल लागणार होते. सुरुंगाची दारू होती, पण डायनामाइटचा शोध लागावयाचा होता. म्हणजे काळ्या खडकात छिणी-हातोड्याने हातभर भोक पाडावयाचे, त्यात दारू ठासावयाची आणि बाजूस पळावयाचे. काही कडे इतके उभे की दोराने लोंबकळत माणसांना पहिले भोक पाडावे लागे. जून ते सप्टेंबर पावसाळ्यात उघड्यावरील काम बंद, आणि उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष. म्हणजे वर्षातले जेमतेम आठ महिने हाती.

आता वर सांगितलेले चार प्रकार येथे लावून पाहू. खंडाळ्याजवळ डोंगराची सोंड अशी आडवी येई की गाडीला वळण घेण्यास जागाच नव्हती. बर्कलींनी तेथे वळण घेण्याचा हट्ट सोडून दिला आणि उलटे स्थानक काढले. गाडी तेथे थांबे, इंजिन पुढून मागे येऊन लागे, आणि गाडी उलट दिशेने पुढची चढण चढे. वेळ थोडा अधिक लागे, परंतु अवघड जागेतील फार मोठे काम वाचले. हे जोखीम टाळणे होय. ही व्यवस्था १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली. मग नवा मार्ग काढून ती बंद करण्यात आली. उतारावर गाडी हाताबाहेर गेली तर तिला बाजूच्या चढत्या रुळावर घेऊन थोपविण्याची सोयही घाटात करण्यात आली. तिला कॅच सायडिंग म्हणतात. गाड्या घाट उतरताना मध्ये थांबवून ब्रेक तपासण्याची पद्धत आजही आहे. हे जोखीम कमी करणे होय. येथवर बर्कलींचे कौतुकच केले पाहिजे.

परंतु तिसरा प्रकार? त्याची गोष्ट लंडनहून सुरू होते. १८४९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने जी. आय. पी. रेल्वेशी जो करार केला, त्यात भागधारकांना त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. रेल्वेला तेवढी प्राप्ती झाली नाही तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघावयाची. म्हणजे ज्यांच्यापाशी पैसा होता त्यांची जोखीम पहिल्याच पानावर मिटली, आणि ती येथल्या शेतसारा भरणाऱ्याकडे आली. बांधकामाची जोखीम रेल्वेने कंत्राटदारावर सोपविली. मुंबई-ठाणे मार्गाच्या बांधणीत भाग घेतलेला विल्यम फॅविएल हाच येथेही कंत्राटदार होता, आणि १८५६ च्या आरंभी त्याने घाटात काम सुरू केले. त्याने ती जोखीम छोट्या पोटकंत्राटदारांवर सोपविली, पोटकंत्राटदारांनी मुकादमांवर, आणि मुकादमांनी मजुरांवर. मजुराच्या खाली कोणीच नव्हते.

साखळी अशी लांबली म्हणजे वरचा पैसा खाली येईपर्यंत आटत जातो आणि वरचा धोका खाली येईपर्यंत वाढत जातो. घाटात तेच झाले. मजुरी वेळेवर मिळेना. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला, मारामारी झाली आणि त्यात एका युरोपियनाचा प्राण गेला. त्याच वर्षी फॅविएलने कंत्राट सोडले. पुढे १८६० मध्ये मालक व कामकरी यांच्या तंट्यांसंबंधी एक कायदा झाला. त्याने मजुरीच्या तंट्याचा निकाल मॅजिस्ट्रेटने झटपट द्यावा अशी सोय केली. परंतु त्याच कायद्याने काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही ठेवली. हे ध्यानात घ्या, भगिनींनो. घाटाच्या आखणीत खडकाचा विचार झाला होता, पावसाचा विचार झाला होता. आठवड्याच्या मजुरीचा विचार मात्र नीट झाला नव्हता. आणि कंत्राट मोडले ते खडकावर नव्हे, मजुरीवर.

येथून पुढे गोष्टीत एक बाई येते, म्हणूनच मी वर्गासाठी ही गोष्ट निवडली. फॅविएलनंतर काही काळ रेल्वेने आपल्याच इंजिनियरांकरवी काम चालू ठेवले. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने ते घेतले. १८५९ मध्ये तो पत्नीसह मुंबईस उतरला, आणि काही आठवड्यांतच आजारी पडून मरण पावला. परका मुलुख, अर्धे झालेले आणि एकदा मोडलेले काम, हजारो माणसे, आणि नुकतेच आलेले वैधव्य. त्या वेळी ॲलिस ट्रेडवेल या बाईने मायदेशी जाणाऱ्या जहाजात बसावयाचे ठरविले असते तर तिला कोणी नावे ठेवली नसती. तिने नवऱ्याचे कंत्राट पुढे चालविण्याचे ठरविले.

हल्ली या बाईची गोष्ट सांगताना कोणी म्हणतात की तिने एकटीने घाट बांधला. ते खरे नाही. आणि माझ्या मते खरे आहे ते अधिक शिकण्यासारखे आहे. ती इंजिनियर नव्हती, आणि आपण इंजिनियर आहोत असे सोंगही तिने आणले नाही. तिने ॲडमसन आणि क्लाउझर या दोघांना व्यवस्थापक नेमले. हे दोघे रेल्वेचेच इंजिनियर. मधल्या काळात घाटाचे काम त्यांनीच सांभाळलेले. म्हणजे कोणत्या बोगद्यात खडक कसा आहे, कोणत्या दरीत माल कसा उतरवावा आणि कोणती टोळी कोणत्या कामास चांगली, हे त्यांना ठाऊक होते. काम हातातून हाती जाते तेव्हा सर्वांत मोठा धोका पैशाचा नसतो. आधीच्या माणसाच्या डोक्यात असलेले ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते, तो धोका खरा मोठा. ॲलिसबाईंनी तो ओळखला आणि ज्ञान होते तेथेच काम सोपविले. कंत्राटाची मालकी आणि जबाबदारी मात्र स्वतःकडे ठेवली. या कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रहही तिच्या नावाने आहे. काम कोठवर आले हे जपून ठेवण्याची दृष्टी तिला होती, असे त्यावरून म्हणता येईल.

काम पुढे जोराने चालले. १८६१ च्या सुमारास ऐन हंगामात घाटात बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. बेचाळीस हजार म्हणजे एक शहरच. आणि तेही कड्याच्या कडेला, झोपड्यांतून राहणारे, ओढ्याचे पाणी पिणारे. यात पुरुषच होते असे समजू नये. तेव्हाच्या मातीकामात कुटुंबेच्या कुटुंबे लागत. पुरुषाने खोदावे आणि बाई-मुलांनी टोपल्या वाहाव्यात. बोगद्यांवर आणि पुलांवर नावे इंजिनियरांची आली. दगडमाती डोक्यावरून वाहणाऱ्या त्या बाईचे नाव कोठल्याही फलकावर नाही.

आणि येथे चौथा प्रकार येतो, पत्करण्याचा. १८५९-६० च्या हंगामात घाटात पटकीची साथ आली आणि तिने असंख्य माणसे नेली. ताप, हगवण, सुरुंगाचे अपघात, कड्यावरून पडणे हे तर रोजचेच. एवढ्या माणसांना एका ठिकाणी गोळा केले आणि त्यांच्या पाण्याची व निवाऱ्याची नीट तजवीज केली नाही तर काय होते, हे त्या काळीही अगदी अज्ञात नव्हते. जोखीम पत्करली गेली, हे खरे. परंतु ती पत्करली कचेरीत बसणाऱ्यांनी, आणि भोगली ओढ्याकाठच्या झोपडीतल्यांनी. जो पत्करतो त्यानेच भोगावे, हा साधा नियम तेथे मोडला होता. बर्कलींचीही प्रकृती या कामात ढासळली व १८६२ मध्ये इंग्लंडात त्यांचा अंत झाला. त्यांच्या मृत्यूची तारीख इतिहासात आहे. मजुरांच्या बाबतीत तेवढेही नाही.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला, आणि मुंबई-पुणे अखंड गाडी सुरू झाली. गोष्ट येथे संपविली असती तर गोड झाली असती. परंतु १८६७ च्या जुलैमध्ये, ऐन पावसात, घाटातील एक मोठा कमानीपूल कोसळला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव मव-की-मळी असे येते. चौकशीत दगडी बांधकाम कच्चे झाल्याचे आणि देखरेख अपुरी पडल्याचे दिसून आले, आणि रेल्वेला इतरही अनेक पूल पुन्हा बांधावे लागले. उद्‌घाटनाचा नारळ फुटला म्हणजे जोखीम संपली, असे नसते. घाईने झाकून टाकलेले कच्चे काम पावसाची वाट पाहत बसलेले असते.

खोपोलीकडून घाट चढताना शिंग्रोबाचे देऊळ लागते. घाटाची वाट साहेबाला एका धनगराने दाखविली आणि त्याबद्दल त्यालाच प्राण गमवावे लागले, अशी लोककथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती लोककथा म्हणूनच घ्यावी. परंतु लोकांनी ती दीडशे वर्षांहून अधिक काळ जपली याला कारण आहे. वाट ठाऊक असलेल्याला मान नाही आणि मोल नाही, हा अनुभव लोकांनी त्या देवळात पुजला आहे. बोरघाटाचा कागदोपत्री इतिहास तरी यापेक्षा वेगळे काय सांगतो?

वर्गात एका तरुण भगिनीने प्रश्न केला, "बाई, हे सारे खरे, पण एवढ्या मोठ्या घाटाचा आपल्या मंडळाशी काय संबंध?" प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही फळ्यावर मांडले. दिवाळीच्या फराळाची मागणी मंडळ घेते. मंडळ ते काम दहा घरांत वाटून देते. एखादी घरची बाई मदतीला शेजारची मुलगी बोलावते. गिऱ्हाइकाने पैसे उशिरा दिले तर मंडळ थांबते, मंडळ थांबले तर घरची बाई थांबते, आणि शेवटी त्या मुलीची भाऊबीज हात हलवीत जाते. गिऱ्हाइकाने मागणीच मोडली तर तेलतुपाचे पैसे कोणाचे बुडतात? बोरघाटाचीच साखळी ही, फक्त लहान. फळ्यावरचे शेवटचे नाव पाहून वर्ग थोडा वेळ गप्प झाला होता.

यंदा आपण मंडळाच्या जुन्या दोन खोल्यांवर मजला चढविण्याचा संकल्प सोडला आहे. वर्गणी जमते आहे, नकाशा झाला आहे, आणि बायकांना बांधकामातले काय कळते, असे म्हणणारेही भेटत आहेत. त्यांना ॲलिस ट्रेडवेलचे उदाहरण पुरे आहे. आपल्याला सिमेंटचे प्रमाण कळलेच पाहिजे असे नाही. ज्याला ते कळते त्याला नेमणे, त्याच्यावर लक्ष ठेवणे, आणि जबाबदारी मात्र त्याच्या गळ्यात न टाकता स्वतःकडे ठेवणे, हे आपल्याला जमले पाहिजे. त्यासाठी एक साधी वही घालावी, असे मी सुचविते. हल्लीच्या शास्त्रात तिला रिस्क रजिस्टर म्हणतात. आपण जोखीम-वही म्हणू. तिच्यात पाच रकाने असावेत: काय बिघडू शकेल, किती संभव आहे, बिघडले तर किती नुकसान, उपाय कोणी व कोणत्या तारखेपर्यंत करावयाचा, आणि उपाय फसला तर ओझे कोणाच्या डोक्यावर पडेल. पहिले चार रकाने कोणत्याही पुस्तकात सापडतील. पाचवा बोरघाटाने शिकविलेला आहे.

त्या वहीची पहिली काही पाने मी आताच सांगून ठेविते. छताचे काम मृगाच्या आत पुरे झालेच पाहिजे, म्हणजे आपली क्रिटिकल पाथ तेथून जाते. लोखंड उशिरा आले तर चालणार नाही, रंग उशिरा आला तर चालेल. आधी पाहिल्याशिवाय कोणतेही काम गिलाव्याखाली झाकू द्यावयाचे नाही. वर्गणीतून एक रक्कम अडचणीसाठी बाजूस ठेवावयाची आणि हौसेच्या फरशीसाठी तिला हात लावावयाचा नाही. कामावरच्या बायाबापड्यांना प्यायला स्वच्छ पाणी आणि त्यांच्या मुलांना सावली, ही कंत्राटात लिहून घ्यावयाची. आणि मजुरी दर शनिवारी, मंडळाच्या दोन भगिनींच्या समक्ष, ज्याच्या त्याच्या हातात पडली पाहिजे. वर्गणी जमण्यास उशीर झाला तर तोशीस मंडळाने सोसावी, टोपली वाहणारीने नव्हे.

एवढे केल्याने मजला स्वस्त होईल असे नाही. कदाचित थोडा महागही पडेल. परंतु पुढच्या वर्धापनदिनी आपण त्याच्यावर हळदीकुंकू करू, तेव्हा जिने टोपल्या वाहिल्या तिलाही निर्मळ मनाने बोलावता येईल. तिचे नाव वहीत असेल, हिशेब चुकता असेल, आणि तिच्या कपाळी कुंकू लावताना आपली मान खाली जाणार नाही. इमारत-समितीची पहिली सभा लवकरच भरावयाची आहे. तिच्यापुढे पहिला विषय नकाशाचा न ठेवता या वहीचा ठेवावा, एवढीच सर्व भगिनींना विनंती.